तिरपा उजेड

सूर्य माथ्यावर आला असता सह्याद्रीच्या ज्या कड्याकडे दुसऱ्यांदा पाहावेसेही वाटत नाही, त्याच कड्याच्या घळी, कपारी आणि कातळावरील भेगा, दिवस मावळतीकडे कलू लागल्यावर, इतक्या ठसठशीतपणे उमटतात की, हा कडा आपण पूर्वी कधी पाहिलाच नव्हता असा भास व्हावा. वस्तुतः कडा तोच असतो, पाहणाराही तोच असतो, आणि प्रकाश तर दुपारच्या मानाने कितीतरी क्षीण झालेला असतो. पालटलेली असते ती त्याची दिशा. पदार्थाचा उंचसखलपणा डोळ्यांना कळतो तो उजेड आणि सावली यांच्या सीमेवर, आणि ही सीमा उमटण्यासाठी प्रकाश पाहणाऱ्याच्या दृष्टिरेषेपासून दूर सरकलेला असावा लागतो. छायाचित्रकाराचे सारे दीपकौशल्य या एका तत्त्वावर उभे आहे अशी माझी श्रद्धा आहे. आणि म्हणूनच कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा फ्लॅश तेथून उतरवून हवा तेथे नेण्याची मुभा बेताच्या प्राप्तीच्या माणसालाही मिळाली, या घटनेचे मोल मला फार मोठे वाटते.

माथ्यावर बसवलेला फ्लॅश भिंग ज्या रेषेतून पाहते जवळजवळ त्याच रेषेतून प्रकाश फेकतो, आणि त्यामुळे प्रत्येक वस्तूची सावली त्या वस्तूच्याच पाठीशी दडून राहते. नाकाची उंची, गालाचा उतार, हनुवटीखालचा खोलगट भाग, ज्यांच्यामुळे एक चेहरा दुसऱ्या चेह‍ऱ्याहून निराळा ठरतो त्या साऱ्या खुणा एका पांढुरक्या सपाटीत बुडून जातात. कपाळावर चकाकी येते, आणि माणूस भिंतीला लागून उभा असेल तर त्याच्या कडेने एक काळी किनार उमटते. घरोघरच्या लग्नाच्या आल्बमांतून आपली जिव्हाळ्याची माणसे अशी सपाट होऊन बसलेली पाहताना मला नेहमी हळहळ वाटते, कारण त्या माणसांना खोली होती, आणि ती दाखवण्यासाठी दिवा केवळ दोन हात बाजूला न्यायचा होता.

पण हे दोन हातांचे अंतर फार काळ महाग होते. 1887 साली जर्मनीत आडोल्फ मीठे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण सिद्ध केले. अशा चूर्णाच्या भडक्यानेच न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्त्यांतील काळोख्या खोल्या जेकब रीस यांनी चित्रबद्ध केल्या आणि 1890 साली ग्रंथरूपाने आपल्या नगरबांधवांपुढे ठेवल्या. त्या भडक्याने आपल्या हातून दोनदा घराला आणि एकदा स्वतःलाच आग लागल्याचे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. पुढे 1929 च्या सुमारास धातूचा वर्ख प्राणवायूने भरलेल्या काचेच्या गोळ्यात कोंडून जाळण्याची हिकमत निघाली. धूर आणि आगीची भीती सरली, पण प्रत्येक गोळा एकदाच पेटे आणि फेकून द्यावा लागे, त्यामुळे प्रत्येक चित्रामागे खर्च ठरलेला.

या गोळ्यांच्या बळावर ज्याने रात्रीचे महाकाव्य रचले तो ओ. विन्स्टन लिंक मला या सर्व मंडळींत विशेष वंदनीय वाटतो. अमेरिकेतील नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वेवर वाफेची इंजिने अखेरच्या घटका मोजत असताना, 1955 पासून पुढची काही वर्षे, हा मनुष्य मोठमोठ्या परावर्तकांत बसवलेले गोळे रुळांच्या कडेने उभारून, त्यांना तारांनी एकसर जोडून, अंधारात गाडीची वाट पाहत उभा राही. 1956 च्या ऑगस्टमध्ये वेस्ट व्हर्जिनियातील आयेगर येथे त्याने घेतलेल्या एका चित्रात उघड्यावरच्या सिनेमागृहात मोटारी ओळीने उभ्या आहेत, पडद्यावर विमान आहे आणि मागून धूर सोडीत इंजिन धावते आहे. त्या एका क्षणासाठी चाळीसहून अधिक गोळे पेटवले होते. एकसर जोडणीत एखादा गोळा सदोष निघाला तर एकही पेटत नाही, आणि गाडी तर पुन्हा मागे यायची नसते. हा उद्योग धन आणि धैर्य दोन्ही मुबलक असणाऱ्याचाच होता. स्टुडिओंतील अवजड दिवेही याच वर्गातले, आणि म्हणून प्रकाशाला आपल्या इच्छेने वळवण्याचा मक्ता दीर्घकाळ मोजक्या लोकांकडे राहिला.

तो मक्ता ज्या वस्तूने मोडला तिचे बीज मात्र 1931 च्या सुमारासच पडले होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे हॅरल्ड एजर्टन यांनी वायूने भरलेल्या नळीतून साठवलेली वीज एकदम सोडून, पुन्हापुन्हा चमकणारा आणि डोळ्याला पकडता येऊ नये इतका अल्पजीवी प्रकाश निर्माण केला होता. आज मुंबईच्या कोटातील बोरा बाजारात काही हजार रुपयांना जो फ्लॅश मिळतो, शेन्झेनच्या गोडॉक्सने किंवा योंगनुओने घडवलेला, त्याच्या पोटात तेच तत्त्व नांदत असते. चार पेन्सिल सेल आपली मामुली वीज धारित्राच्या स्वाधीन करतात, तेथे ती सुमारे 300 व्होल्टपर्यंत चढते, चढताना एक बारीक शीळ ऐकू येते, पाठीवरचा तांबडा दिवा लागतो आणि झेनॉनची नळी हुकुमाची वाट पाहत राहते. हुकूम नेण्यासाठी आता तारही लागत नाही; कॅमेऱ्यावर एक आणि फ्लॅशखाली एक असे दोन ट्रिगर बसवले की काम भागते. भर म्हणून एक हलका स्टँड आणि आरपार उजेड जाऊ देणारी पांढरी छत्री घेतली की सारा जिन्नस एका खांद्याच्या झोळीत मावतो.

या स्वस्त फ्लॅशमध्ये एक उणीव असते, आणि तीच मला त्याची थोरवी वाटते. महागडी साधने अंतर मोजतात, प्रकाश तोलतात आणि किती वीज सोडायची हे आपणच ठरवतात; हा गरीब दिवा मात्र काहीच ठरवीत नाही. पूर्ण शक्तीपासून 1/128 पर्यंतच्या पायऱ्या तो आपल्यापुढे ठेवतो आणि निर्णयासाठी थांबतो. त्यामुळे छायाचित्रकाराला प्रकाशाचा हिशेब स्वतः शिकावा लागतो. दिवा वस्तूपासून एक मीटरवरून दोन मीटरवर नेला तर उजेड निम्मा नव्हे, चतुर्थांश उरतो, आणि तीन मीटरवर नवमांश. पूर्वीच्या फ्लॅशच्या पाठीवर छापलेला गाइड नंबर या नियमाचेच व्यवहारी रूप होय, कारण तो 32 असेल आणि माणूस चार मीटरवर असेल तर भागाकार करून अॅपर्चर आठावर ठेवावे एवढे गणित शाळकरी पोरालाही जमते. या नियमाच्या पोटात सौंदर्याचे एक गुपित दडलेले आहे. दिवा माणसाच्या अगदी निकट आणला आणि त्याची शक्ती त्या प्रमाणात उतरवली, तर चेहरा उजळतो आणि मागची भिंत आपोआप काळोखात विरते. दिवा दूर नेऊन शक्ती चढवली, तर माणूस आणि भिंत जवळजवळ एकाच उजेडात येतात. एकाच खोलीला अशा रीतीने भरदुपार करता येते किंवा मध्यरात्र, आणि त्यासाठी भिंतीचा रंग बदलावा लागत नाही.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मी हा दिवा प्रथम नेला तो मठारकामाच्या ओढीने. घडवलेल्या भांड्याच्या अंगावर कारागीर हातोडीने ओळीने घाव घालीत जातो, त्याने पत्रा कडक होतो आणि पृष्ठभागावर लहान लहान चकत्यांची दाट वीण उमटते. यातील प्रत्येक चकती म्हणजे एक इवलासा आरसाच असतो, आणि आरसा उजेड दाखवीत नाही, समोर जे असेल ते दाखवतो. माथ्यावरच्या फ्लॅशने अशा घागरीचे चित्र घेतले तर भिंगाकडे तोंड असलेल्या तेवढ्या चकत्या डोळे दिपवून टाकतात आणि बाकीच्या खोलीतला काळोख परत करीत काळ्याठिक्कर पडतात. म्हणून तांब्यापुढे उजळलेला एक मोठा पांढरा पृष्ठभाग धरण्याची तजवीज करावी लागते. मी छत्री घागरीच्या डाव्या अंगाला, थोडी मागे आणि उंच, अशी उभी केली, शक्ती 1/16 वर आणली, आणि दारातून येणारा उजेडही चित्रात राहावा म्हणून शटर 1/60 वर ठेवले. फ्लॅशचा प्रकाश क्षणार्धात येऊन जातो, म्हणून त्याच्यावर अंमल चालतो तो अॅपर्चरचा. शटर जितका वेळ उघडे राहील तितका खोलीतला स्थिर उजेड मात्र आत झिरपत राहतो, आणि हे दोन उजेड निरनिराळ्या हातांनी सांभाळता येतात हे उमगले की अर्धी विद्या हस्तगत झाली असे समजावे. भट्टीच्या तांबूस उजेडाशी फटकून वागू नये म्हणून फ्लॅशच्या तोंडाला नाटकवाले वापरतात त्या केशरी जिलेटीनचा तुकडा लावला होता.

माझी ही सगळी मांडामांड तेथील वृद्ध कारागीर शांतपणे पाहत होते. "अहो, भांडं इथं आणि दिवा तिकडं कशाला नेताय?" त्यांनी विचारले. "घाव दिसायला हवेत ना, काका," मी म्हणालो. चित्र घेऊन झाल्यावर कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला, तेव्हा त्यांनी तो दाराकडे पाठ करून सावलीत घेतला, बराच वेळ निरखला, आणि घागरीच्या मध्यावर नख टेकवून म्हणाले, "इथनं पुढं पोराचा हात आहे." मी पुन्हा पाहिले. खरोखरच त्या ओळीच्या वर चकत्या दाट आणि सारख्या होत्या, आणि खाली किंचित लांबट, एका बाजूला कललेल्या. पिता आणि पुत्र यांच्या मनगटांतील अंतर तांब्यावर लिहिलेले होते. छत्रीतून आलेल्या त्या तिरप्या उजेडाने ते माझ्यासारख्या परक्यालाही वाचता आले.

नैसर्गिक प्रकाशाखेरीज अन्य कोणत्याही प्रकाशाला अप्रामाणिक मानणारे काही रसिक आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु गाभाऱ्यातील समई किंवा दशावताराच्या रंगमंचावरची पेट्रोमॅक्सही माणसानेच लावलेली असते, आणि तिच्या उजेडात दिसणारे मुखवटे आपण खोटे म्हणत नाही. दिवा कोठे ठेवला आणि का ठेवला एवढाच प्रश्न मला खरा वाटतो. जेथे प्रकाशाने अपाय होतो तेथे मात्र आग्रह धरू नये. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांपुढे फ्लॅशला मनाई आहे आणि ती कसोशीने पाळली गेली पाहिजे.

दगडाची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात गावोगावच्या देवळाबाहेर, वेशीपाशी, कधी पाराच्या कडेला मातीत अर्धवट रुतलेले वीरगळ उभे आहेत. शतकानुशतकांच्या ऊनपावसाने ते इतके झिजले आहेत की, दुपारच्या उन्हात त्यांवर काही कोरले आहे याचीही खातरजमा होत नाही, आणि शेंदराच्या पुटांखाली उरलेसुरलेही झाकून जाते. तिन्हीसांजेला अशा दगडाशी जावे, फ्लॅश स्टँडवरून काढून दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, हातभर अंतरावर धरावा, आणि एकट्याने जमत नसेल तर गावातल्या एखाद्या मुलाच्या हाती द्यावा. ही मुले हे काम मोठ्या आनंदाने करतात. प्रकाश शक्यतो वरच्या डाव्या बाजूने यावा, कारण आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय आहे आणि तो खालून आला तर उठाव खळग्यासारखा भासू लागतो. मग सर्वांत खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर आणि त्याने राखलेली गुरे, त्यावर ढालतलवारींची झुंज, त्याहून वर त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, आणि माथ्याशी शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, असा सारा पट एकावर एक उलगडत जातो. चंद्रसूर्यांच्या कोरांपाशी कधी एखादे अक्षरही हाती लागते. दिवा जागेवरून हलवून, वरून, उजवीकडून, अशी त्याच दगडाची आणखी चित्रे घ्यावीत, कारण एका दिशेने लपलेली रेषा दुसऱ्या दिशेने सापडते. शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि गावाचे नाव, जागा व तारीख वहीत लागलीच उतरवून ठेवावी. असे कितीतरी दगड अद्याप कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाहीत, पावसाळ्यागणिक ते आणखी झिजत आहेत, आणि त्यांच्यासाठी लागणारा दिवा आता तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणाऱ्या कोणाही तरुणाच्या झोळीत असतो.