बार नावाची जागा

आमच्या पांढुर्ण्यात ‘बार’ हा शब्द बायका हळू आवाजात उच्चारतात. बार म्हणजे काळ्या काचा, आतला अंधार, बाहेर मोटारसायकलींची रांग आणि कुणाच्या तरी घरी न पोचलेली मजुरी. त्या दारासमोरून जाताना पाय आपोआप भराभर पडतात. मध्य प्रदेश सरकारने २०२३ मध्ये दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते बंद केले, तेव्हा आमच्या गल्लीत बायकांनी एकमेकींना फोन करून ती बातमी सांगितली होती.

आणि इटलीतल्या जेनोवा या बंदराच्या शहरात जिकडे बघावं तिकडे हाच शब्द! जून महिना होता. आम्ही सहा जणी: मी, माझ्या जाऊबाई, सौसरची नणंद, नागपूरच्या दोघी बहिणी आणि अमरावतीच्या एक निवृत्त शिक्षिका. सकाळचे साडेआठ वाजले होते. सगळ्यांना चहा-कॉफीची तलफ आली होती आणि समोर ठळक पाटी, बार. जाऊबाई जागच्या जागी थांबल्या. म्हणाल्या, “अवो बाई, हे तं बार आहे!”

मुलीने निघतानाच सांगून ठेवलं होतं, की इटलीत बार म्हणजे मुख्यतः कॉफीचं दुकान. मी पुढे झाले. आत लख्ख उजेड होता. काउंटरपाशी एक आजीबाई उभ्या होत्या, हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी भाजी. शेजारी दप्तर अडकवलेला मुलगा आणि त्याची आई. कॉफी इवल्याशा कपात, दोन घोटांची. लोक येतात, उभ्याउभ्या पितात, चार शब्द बोलतात आणि कामाला लागतात. उभं राहून प्यायली तर सव्वा-दीड युरो, टेबलाशी बसलं की दर वाढतो. दुधाची कापुचिनो तिथे सकाळीच घेतात; दुपारच्या जेवणानंतर मागितली तर ‘हे पाहुणे’ असं लगेच ओळखतात.

मग आमचा दिवसाचा क्रमच ठरला. एक प्रेक्षणीय स्थळ, की एक बार. लांतेर्ना नावाचा दीपस्तंभ पाहिला. आजचं त्याचं रूप १५४३ चं, उंची ७७ मीटर. सान लोरेन्झोच्या मोठ्या चर्चमध्ये एक तोफगोळा ठेवला आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये इंग्रजांच्या युद्धनौकांनी शहरावर मारा केला, तेव्हा तो छतातून आत पडला आणि फुटलाच नाही. कोलंबस इथलाच. हिंदुस्थान शोधायला निघाला आणि भलतीकडेच पोचला. नणंद म्हणाली, “आपल्याले पाय, बरोब्बर त्याचं गाव सापडलं!”

मला सगळ्यात गंमत वाटली ती कापडाची. जेनोवाला फ्रेंच लोक ‘झेन’ म्हणतात. त्यावरूनच ‘जीन्स’ हा शब्द आला. आणि ‘डंगरी’ हा शब्द आला आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून, तिथल्या जाड सुती कापडावरून. आम्ही कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या बायका. दोन बंदरांची नावं अशी जगभर अंगावर मिरवली जातात हे ऐकून बरं वाटलं.

खाण्याचं सांगते, कारण जाणाऱ्या बहिणींना उपयोग होईल. जेनोवाचा पेस्तो प्रसिद्ध, पण त्यात लसूण असतो आणि पार्मेझान चीज. ते चीज वासराच्या जठरातलं रेनेट घालून करतात. तेव्हा आपल्यासाठी ते बाद. मात्र फारिनाता नावाचा एक पदार्थ आहे: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ. तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात. बेसनाचं धिरडंच म्हणा ना! कांदा नाही ना, एवढं विचारून घ्यायचं. कॉफी मागताना ‘कोर्रेत्तो’ हा शब्द टाळायचा, त्या कॉफीत दारू घालतात. आणि जूनमध्ये तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची एवढी ऐसपैस सोय मी दुसरीकडे पाहिली नाही.

संध्याकाळ झाली की त्याच बारमध्ये रंगीत पेयांचे, वाइनचे ग्लास दिसू लागत. सकाळीही बाटल्या मागच्या फळीवर होत्याच. ते मी लपवत नाही. आम्ही संध्याकाळी तिकडे फिरकलो नाही.

पण मनात राहून गेल्या त्या भाजीवाल्या आजीबाई. रोजच्याच येणाऱ्या असाव्यात. काउंटरवरच्या मुलाने न विचारताच त्यांचा कप पुढे केला. दहा मिनिटं त्या कुणाची आई, कुणाची सासू नव्हत्या. मी मनाशी हिशेब केला. आमच्या गावात बाई घराबाहेर कुठे थांबते? मंदिरात, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, साडीच्या दुकानात. प्रत्येक ठिकाणी काही ना काही काम घेऊन. नुसतं दहा मिनिटं टेकायला, एक कप काही प्यायला जागा कुठे आहे? चहाच्या टपऱ्या आहेत, ढीगभर आहेत. पण त्यांच्यापुढची बाकं पुरुषांची. तिथे बाईला कुणी मनाई केलेली नाही. पाटी नाही, कायदा नाही. तरी पन्नाशी उलटेपर्यंत मी तिथे कधी उभी राहिले नव्हते, आणि माझी आई तर नाहीच नाही.

दारूच्या बारविषयी माझं मत होतं तेच आहे. पण वाईट जागा बंद झाली, की चांगली जागा आपोआप उघडत नाही. तिथे आपल्यालाच जाऊन उभं राहावं लागतं.

परत आल्यावर एकदा जाऊबाई आणि मी नणंदेकडे सौसरला निघालो होतो. बसला अर्धा तास होता. जाऊबाई टपरीकडे बघून म्हणाल्या, “घेवाचा का?” घेतला. दोन-चार माणसं वळून बघत होती. बघोत. टपरीवाल्याने मात्र बाकावरचा पेपर उचलला, फडक्याने बाक पुसला आणि म्हणाला, “बसा काकू.” आम्ही बसलो. चहा भलताच गोड होता.

आता दर खेपेला तिथे थांबतो. परवा शेजारच्या सूनबाईलाही सोबत नेलं. टपरीवाला आपणहून विचारतो, “काकू, साखर कमीच ना?”