पाठीला विचारून

पिशवीची पारख ती रिकामी असताना करू नये, असे माझे ठाम मत आहे. रिकामी पिशवी ही साखरपुड्याच्या दिवशीच्या जावयासारखी असते. वागायला हलकी, दिसायला नीटस आणि घरात सर्वांना पसंत. तिचा खरा स्वभाव कळतो तो भार पडल्यावर.

आमच्या घरी यंदा हा प्रश्न निघाला, कारण कार्ल्याचे ओझे माझ्याकडे आले. एकवीरा आमची कुलदेवी. दरसाल मळवलीला बिऱ्हाड करायचे, तिथून चार-पाच किलोमीटर पायी डोंगर गाठायचा आणि देवीला बोकडाचा नवस फेडून परतायचे, ही आमची रीत. बोकड जाताना स्वतःच्या पायांनी जातो. येताना मात्र आमच्या! ते दहाबारा किलो मांस स्वच्छ फडक्यात बांधून, वर गोणपाट गुंडाळून, अप्पांनी आजवर स्वतःच्या खांद्यावरून आणले. आता रस्त्यावर वाहने मिळतात. पण अप्पांचे म्हणणे, ‘नवस पायांनी बोलला आहे, टायरांनी नव्हे.’ यंदा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी मला एवढेच विचारले, ‘तुझी पाठ कशी आहे रे?’ त्या प्रश्नात सगळे वाटणीपत्र आले.

माझी पाठ पन्नाशीतल्या कारकुनाची आहे. म्हणून मी गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने एक पिशवी करंगळीवर टांगून दाखवली. ‘सातशे ग्रॅम, काका! पाठीला आहे हेसुद्धा कळणार नाही.’

‘आत बारा किलो मटण असले तरी?’

मुलगा क्षणभर थबकला, पण होता मोठा गुणी. पाण्याच्या एक लिटरच्या बारा बाटल्या त्याने आत भरल्या आणि मला दुकानाचा जिना दाखवला.

मांस हे ओझ्यांतले सर्वांत आडमुठे ओझे. पुस्तकांना कोपरे असतात, धान्याला शिस्त असते. मांस मात्र पिशवीच्या तळाशी लोळण घेते आणि माणसाला मागे खेचते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले. पण जिथे ती कायदेशीर आहे तिथले शिकारी हे ओझे चांगले ओळखतात. अलास्कात मारलेल्या मूस हरणाचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हाच आहे. ते जनावर आपल्या बैलाहून मोठे; म्हणजे बंदुकीचे काम एका बाराचे, आणि पाठीचे काम अनेक खेपांचे! तिथे नेमबाजाची परीक्षा संपते आणि हमालाची सुरू होते.

ही विद्या जुनी आहे. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. पोटात रानबोकडाचे आणि हरणाचे मांस, आणि जवळ हेझल झाडाची वाकवलेली काठी नि लाकडी फळ्या. ती पाठीवरच्या ओझ्याची चौकट असावी, असे जाणकार मानतात. पुढे 1952 पासून कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाच्या गृहस्थाने अॅल्युमिनियमच्या चौकटीच्या पिशव्या विकायला सुरुवात केली. शिवणकाम त्याची बायको करी. भार खांद्यांवरून काढून कंबरेच्या हाडांवर बसवणारा पट्टा अशा पिशव्यांमुळेच लोकप्रिय झाला.

आमच्या मावळच्या माणसाला हे शिकवायला नको. मुंबईचे कितीतरी डबेवाले इकडचेच. डब्यांनी भरलेला लांब लाकडी पाट ते डोक्यावर घेतात, म्हणजे भार सरळ कण्यातून पायांत उतरतो. तेही कशाला, कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओवरीत दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत. वरचे कोरीव मजले जणू त्यांच्याच पाठीवर उभे आहेत, आणि दोन हजार वर्षांत एकानेही कूस बदललेली नाही. ओझे अंगाला चिकटून आणि हाडांवर बसले पाहिजे, हे त्या पाथरवटांना ठाऊक होते.

जिन्यावर सातशे ग्रॅमच्या पिशवीने दुसऱ्याच खेपेला माझे खांदे कापायला घेतले. मग मुलाने दुसरी काढली. दोन किलोंची, आत दोन उभ्या पट्ट्या, कंबरेला रुंद पट्टा. तळाशी कपडे, वर बाटल्या, त्याही पाठीला लगटून, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध. सव्वा किलो ओझे वाढले आणि मी ताठ उभा राहिलो! तराजू एक सांगत होता, पाठ दुसरेच. मी पाठीचे ऐकले. सोबत मांसासाठी धुता येईल अशी, पाणी न गळणारी वेगळी थैली घेतली. हलकेपणा हवाच असेल तर तो सामानात शोधावा : दोन डबे घरी ठेवले की सव्वा किलो सहज वसूल होतो.

घरी अप्पांनी पिशवी उचलून पाहिली. ‘जड आहे की रे!’

मी आत चार बाटल्या भरल्या, त्यांच्या पाठीवर चढवली आणि पट्टा आवळला. ते गॅलरीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. बराच वेळ झाला तरी पिशवी काढेनात. आईने हाक मारली तसे म्हणाले, ‘यंदा जाताना मी घेतो. जाताना काय, रिकामीच असते. येताना तू घे.’