जोडव्यांची अंगठी

मंडळी, बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण आळस, दुसरं काही नाही. पण गेल्या महिन्यात मी एक अंगठी करून घेतली आणि त्यावरून आमच्या भावकीत इतके फोन झाले की म्हटलं, प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं.

अंगठी चांदीची आहे. वर खडा आहे मूनस्टोनचा, म्हणजे आपला चंद्रकांत मणी. चांदी दुकानातली नाही, माझ्या जोडव्यांची आहे.

हे २०१८ साली गेले. त्या दिवशी रीतीप्रमाणे मंगळसूत्र, बांगड्या उतरल्या आणि जोडवीही निघाली. मी ३५ वर्षं शाळेत शिकवलं. समाजसुधारक शिकवले, त्यांच्या सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेतल्या. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मुकाट्याने पाय पुढे केला. पण याहून जास्त टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. १९८६ साली माझे वडील गेले. आईची बोटं सुजलेली, जोडवी काही निघेनात. बायका ओढत होत्या. शेवटी मीच साबणाचं पाणी आणलं आणि फिरवून फिरवून ती काढली. तिला कमी दुखावं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले आहे. आईने तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. ती आपल्या पायांकडे बघत होती. बोटांवर पांढरे वळ होते.

मग मे २०२२ मध्ये पेपरात हेरवाडची बातमी वाचली. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हे गाव. ४ मे रोजी त्यांनी ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना तसंच करण्याचं आवाहन केलं. मी कपाटातली डबी काढली. जोडवी काळी पडली होती. पुन्हा पायात घालावीत असं मनात आलं, पण घातली नाहीत. धीर कमी पडला आणि (खरं तेच सांगते) गुडघ्यांमुळे तेवढं वाकताही येईना. डबी परत कपाटात गेली, ती पुढे दोन-तीन वर्षं तिथेच होती.

गेल्या महिन्यात मात्र उठले आणि पोलादपूरहून एस.टी.ने महाडला गेले. तिथल्या बाजारपेठेत माझा एक जुना विद्यार्थी सोनारकाम करतो. २०२१ च्या जुलैतल्या पुरात त्याच्या दुकानात माणूसभर पाणी होतं. चिखल उपसताना त्यातून कानशी आणि चिमटे एकेक करून वेचले, असं त्याने सांगितलं. मी डबी पुढे केली.

"बाई, ही आटवायची? घरात विचारलंत ना?"

"अरे, माझीच आहेत. कोणाला विचारू?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "खडा कोणता बसवायचा?"

आता घरची वाचणारी मंडळी हसतील. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगते, की हे नाव मी जन्मभर उखाण्यातच घेतलं होतं. त्या दिवशी भर दुकानात नुसतं घेतलं. त्याला वाटलं, बाई खड्याचं नाव सांगताहेत.

जोडवी १८ ग्रॅम भरली. कात्रीने तुकडे करून त्याने ते मुशीत टाकले, वर टाकणखाराची चिमूट. त्याचे वडील फुंकणीने जाळ घालत, हा गॅसवर करतो. शुद्ध चांदी ९६२ अंशांच्या आसपास वितळते. जोडव्यांत घट्टपणासाठी तांबं असतं, म्हणून ती जरा आधीच विरघळते. काळे तुकडे आधी लाल झाले, मग एकाएकी खचले आणि पाऱ्यासारखा एकच लखलखता थेंब झाला. डावं कुठलं, उजवं कुठलं, काही उरलं नाही. त्या क्षणी मात्र पोटात गलबललं. थांबव म्हणायला उशीर झाला होता.

तो पट्टी ठोकत होता तेव्हा मला याच महाडातली एक गोष्ट आठवत होती. चवदार तळं सगळ्यांना माहीत असतं. पण डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब इथे बायकांशीही बोलले होते, ते फारसं कोणी सांगत नाही. गळ्यातल्या ढीगभर माळा, कोपरापर्यंतचे चांदीचे नाही तर कथलाचे दागिने, ही तुमची जात ओळखायची खूण झाली आहे, ती टाका, असं त्यांनी सांगितलं होतं. मी वर्गात सत्याग्रह शिकवला, हे कधी शिकवलं नाही. माझ्या पायातली खूण वेगळी, काढायचं कारणही वेगळं. तरी हातोडीच्या ठोक्यांबरोबर तेच डोक्यात फिरत होतं.

ठोकून चांदी कडक होते, म्हणून तो मधूनमधून ती तापवून मऊ करी. पट्टी निमुळत्या लोखंडी दांड्यावर वळवली, सांधा झाळला, वर खड्याच्या मापाची पातळ पट्टी उभी करून कोंदण केलं. खडा इतका वेळ कागदाच्या पुडीतच.

"तो शेवटी बसवायचा, बाई. त्याला आग सोसत नाही, तडकतो."

हा खडा हिऱ्यासारखा पैलूदार नसतो, गुळगुळीत घुमटासारखा घासलेला असतो. त्याच्या पोटात दोन प्रकारच्या खनिजांचे फार पातळ थर एकाआड एक असतात. त्यांच्यावर उजेड विखुरतो, म्हणून हात हलवला की आत निळसर चांदणं सरकल्यासारखं दिसतं. चंद्र उगवला की हा मणी पाझरतो, असा संकेत संस्कृत काव्यात आहे, भवभूतीच्या नाटकातही आहे. मी पौर्णिमेला गच्चीत जाऊन पाहिलं. कोरडा होता. मूल्यमापनात शून्य गुण.

बोटाचं पेर सुजलेलं, त्यामुळे अंगठी एक माप मोठी करावी लागली. भांडी घासताना काढून ठेवते. राखेने, धुळीने खड्यावर ओरखडे येतात.

नणंदबाई आल्या होत्या. माझा हात हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. "दादाच्या नावाचा का गं, वहिनी?" एवढंच म्हणाल्या. चहा घेतला, गेल्या. ज्या जाऊबाईंनी फोनवर सर्वांत जास्त आकांत केला, त्या अजून आलेल्या नाहीत.

अंगठीत ७ ग्रॅम गेली. थोडी घट धरून साधारण १० ग्रॅमची गोळी उरली, ती त्याने कागदात बांधून दिली. डबीत आहे. आईची जोडवी धाकट्या भावाकडे आहेत. त्याला फोन करायचा रोज ठरवते. अजून केलेला नाही.