विजयाचे थेंब

भांगेच्या पानांपासून काढलेले औषधी तेल काळपट हिरवे असते आणि बाटलीचे बूच उघडताच त्याचा उग्र दर्प खोलीभर पसरतो. आयुर्वेदात या वनस्पतीचे, म्हणजे गांजाच्याच झाडाचे, नाव विजया. वैद्याच्या चिठ्ठीवर मिळणारी ही छोटी बाटली गेल्या काही वर्षांत जुन्या दुखणाईतांच्या उशाशी दिसू लागली आहे. कुणाला मणक्याचा त्रास, कुणाला संधिवात, कुणाच्या पावलांची केमोथेरपीनंतर थांबता न थांबणारी जळजळ. दर्प जिन्यापर्यंत गेला की शेजारी नाक मुरडतात, कारण त्यांच्या लेखी हा वास चिलमीचा असतो. घरातल्यांनाही तो दडवावासा वाटतो. मॉर्फिनच्या गोळीला वास नसतो, त्यामुळे तिच्याविषयी कुणी काही विचारत नाही.

जुन्या दुखण्यात शरीर आणि मन वेगवेगळे मोजता येत नाहीत. दुखते म्हणून झोप लागत नाही. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी तेच दुखणे अधिक बोचते. पुढे धास्ती येते, बाहेर पडणे कमी होते, उदासी मुक्कामाला येते. तपासण्यांचे कागद मात्र कित्येकदा स्वच्छ असतात. या साखळीत गांजाचे रसायन एकाच वेळी अनेक ठिकाणी शिरते. मज्जारज्जूत वेदनेचा निरोप जिथे पुढे सरकतो तिथे आणि मेंदूत भीती, स्मृती, भूक यांचा कारभार चालतो तिथे त्याला प्रतिसाद देणारे ग्राही (रिसेप्टर) आहेत. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या बुंध्यात ते फार थोडे आहेत. अफूच्या औषधांचा डोस वाढला तर श्वास बंद पडू शकतो. गांजाने प्रौढ माणसाचे तसे होणे अतिशय दुर्मीळ, ते यामुळेच. कित्येकांच्या बाबतीत वेदना मुळीच कमी होत नाही, फक्त तिची टोचणी दूर जाते. ‘दुखतंय, पण त्याचं काही वाटत नाही’ असे रुग्ण सांगतात, आणि तक्त्यात हे कुठे लिहायचे ते डॉक्टरला कळत नाही.

हे न लिहिता येणारे सुख एका माणसाने फार पूर्वी लिहून ठेवले होते. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी याने १८३९ साली गांजाच्या औषधी उपयोगावर निबंध वाचला. त्यात संधिवात, धनुर्वात, कॉलरा यांचे रुग्ण आहेत. पण एकदा वाचल्यावर मागे लागतो तो पिसाळलेला कुत्रा चावलेला एक हकीम. पाण्याच्या नुसत्या कल्पनेने त्याच्या घशाला पेटके येत होते. दर तासाला दोन ग्रेन राळ देणे सुरू झाले. तिसऱ्या मात्रेनंतर त्याला नशा जाणवू लागली आणि तो आपल्याच रोगाविषयी मजेत बोलू लागला. या रोगाचे रुग्ण त्याने स्वतः हाताळलेले होते. पाणी पिण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, असे तो शांतपणे म्हणाला. संत्रे मात्र त्याने चोखले आणि रस गिळला. मग त्याला झोप लागली.

हकीम काही दिवसांनी मेला. ओशॉनेसीने हे लपवले नाही. रोग तितकाच जीवघेणा राहिला, पण त्यातला भयंकरपणा गेला, असा त्याचा निष्कर्ष होता. नंतर याच गृहस्थाने हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकल्या आणि सर ही पदवी मिळवली, ती तारांसाठी. औषधशास्त्राच्या दृष्टीने ही बदली तोट्याचीच झाली.

लंडनमध्ये पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने गांजाचा अर्क बनवला आणि शतकभर तो युरोप-अमेरिकेच्या दुकानांत राहिला. तो मागे पडला त्याचे पहिले कारण नीतीचे नव्हते. गांजाची राळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ती टोचता येत नव्हती. मॉर्फिन येत होते. शिवाय एका बाटलीने गुण यावा आणि दुसरीने काहीच होऊ नये, असा बेभरवसा होता. पुढे १८९९ साली ॲस्पिरिन बाजारात आले. १९२५ च्या जिनिव्हा करारात गांजा आला आणि १९४२ साली तो अमेरिकेच्या औषधकोशातून गेला.

मध्ये एक सरकारी आयोग येऊन गेला. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. मुंबई इलाख्यात तेव्हा अहमदनगर जिल्ह्यात गांजाचे पीक निघत असे आणि त्यावर सरकारला महसूल मिळे, तेव्हा आयोग अगदी निर्लेप होता असे मानायचे कारण नाही. पण त्याने एक काम चोख केले. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या उघडून ‘गांजामुळे वेड’ ही नोंद कशी होते ते तपासले. रुग्ण आणणाऱ्या पोलिसाला कारणाचा रकाना भरावा लागे. माणूस चिलीम ओढतो एवढे कळले की रकाना भरला जाई. आधी मन बिघडले की आधी चिलीम आली, हे कुणी विचारत नसे. माफक सेवनाने मनाला इजा होत नाही, असे आयोगाने म्हटले. आज त्यापुढे जाऊन सांगता येते की टीएचसीचे, म्हणजे नशा आणणाऱ्या रसायनाचे, प्रमाण जास्त असलेला गांजा रोज घेणाऱ्यांत, विशेषतः कोवळ्या वयात सुरुवात करणाऱ्यांत, मनोविकृतीचा धोका वाढतो. घरात स्किझोफ्रेनिया असेल तर या वाटेला न जाणेच बरे. तरीही रकाना भरण्याची घाई दोन्ही बाजूंनी चालूच आहे. कर्करोगापासून मधुमेहापर्यंत सगळे बरे करणारी बाटली विकणारे त्याच पोलिसाचे भाऊबंद.

पुराव्याची स्थिती अशी. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ साली प्रौढांच्या जुनाट वेदनेवर गांजाचा उपयोग होतो याला भरीव आधार असल्याचे म्हटले. २०२१ साली वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेसाठी त्याच्या सरसकट वापराला पाठिंबा देण्याचे नाकारले. चाचण्या लहान आणि थोड्या मुदतीच्या असतात. शिवाय नशा जाणवताच आपल्याला खरे औषध मिळाले हे रुग्ण ओळखतो. नैराश्य आणि चिंताविकारांसाठी पुरावा आणखी तोकडा आहे. लहान मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांत मात्र सीबीडीने, म्हणजे गांजातल्या नशा न आणणाऱ्या रसायनाने, झटके कमी होतात, हे नीट सिद्ध झाले आहे.

मात्रेची गोष्ट पुस्तकात न मावणारी. जुने वैद्य भांग धुऊन तुपावर परतत, ठंडाईत बदाम आणि दूध असते. हे द्रव्य स्निग्धातच उतरते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. पोटातून घेतल्यावर परिणाम दिसायला तास-दोन तास लागतात आणि यकृतात टीएचसीचे अधिक तीव्र रूप तयार होते. काहीच होत नाही म्हणून दुसऱ्यांदा घेणारा मग छातीची धडधड घेऊन दवाखान्यात येतो; होळीला हे दरवर्षी घडते. म्हणून रात्री, अगदी थोड्यापासून सुरुवात. वृद्धांना तोल जाण्याचे भय असते. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सीबीडीमुळे तिचा परिणाम वाढू शकतो.

रोजची सवय असताना एकदम थांबवले तर दिवस-दोन दिवसांत झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते. मूळ आजाराचीही लक्षणे तीच. औषध उतरते आहे की दुखणे परतले, हे रुग्णालाही सांगता येत नाही, आणि बरेचजण तिथेच पुन्हा बाटली उघडतात.

भारतात कायद्याने १९८५ पासून झाडाचे तुकडे केले आहेत. फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस, हे अमली पदार्थ. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बी त्या व्याख्येबाहेर. पाने राज्यांच्या अखत्यारीत येतात आणि आयुर्वेदिक औषधांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत राहून, देखरेखीखाली घेण्याच्या सूचनेसह चालते. कॅनडात मात्र फुलोराही रीतसर मिळतो. टोरांटोहून पुण्याला येणाऱ्या आजारी माणसाला ते औषध डॉक्टरची चिठ्ठी असूनही सोबत घेता येत नाही. सीमेपार नेणे तिथल्याच कायद्याने गुन्हा आहे. मुक्काम लांबणार असेल तर निघण्यापूर्वी काही आठवडे मात्रा उतरवत आणावी लागते.