अन्वय-व्यतिरेक आणि चार मोटरी

तर्कशास्त्र ही पंडितांच्या वादापुरती विद्या आहे, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतूनही आढळतो. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ पाठ करून कोणाचा बिघडलेला पंखा फिरूं लागला, असें लोक विचारतात. ह्या प्रश्नाचें उत्तर मला गेल्या दिवाळींत एका खेळण्याच्या निमित्तानें देतां आलें.

माझे चिरंजीव रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहेत. आम्ही वडील मंडळी पेणला. सुटींत नातू आला, तो स्वतः जुळविलेलें, तळहातावर मावणारें क्वाडकॉप्टर घेऊन. चार कोपऱ्यांस चार मोटरी, मध्यें सर्किट बोर्ड व बॅटरी. जमीन सोडतांच तें मागच्या उजव्या कोपऱ्यावर कलंडे. त्यानें तारा उलट केल्या, पातीं बदललीं, पुन्हां तारा फिरविल्या; कलंडणें कायम. “आतां नवे सुटे भाग मिळणार नाहींत,” असें वडिलांनीं बजावलेलें. खेळणें टाकून देण्याचा त्याचा बेत होता. परंतु ‘हें आपल्याला जमणारें नव्हे’ ही समजूत त्या वयांत एकदां बसली, कीं ती खेळण्याबरोबर टाकून देतां येत नाहीं.

आधीं चारही पातीं उतरविलीं. फिरतें पातें बोट कापतें. ह्या यंत्रांत एका कर्णावरील दोन मोटरी एका दिशेनें व दुसऱ्या कर्णावरील दोन विरुद्ध दिशेनें फिराव्या लागतात. तरच एकमेकींचा पीळ फिटून विमान स्वतःभोंवतीं गरगरत नाहीं. नातवाची भिस्त तारांच्या रंगांवर होती : तांबडी-निळी जोडी एका दिशेची, काळी-पांढरी दुसऱ्या. हें झालें शब्दप्रमाण. पण सर्व कारखानदारांचे रंग सारखे नसतात. म्हणून प्रत्येक आंसाला कागदाचा कपटा चिकटवून दिशा प्रत्यक्ष पाहिली. चारही दिशा बरोबर होत्या. मागची उजवी मोटर मात्र मंद होती.

आतां दोष मोटरीचा, कीं तिला वीज पुरविणाऱ्या जागेचा? जें असतां दोष असतो व जें नसतां दोष नसतो, तें त्याचें कारण, हाच अन्वय-व्यतिरेक. मंद मोटरीची व तिच्याच कर्णावरील मोटरीची तेवढी अदलाबदल केली. दुसऱ्या कशासही हात लावला नाहीं. मंद मोटर पुढच्या कोपऱ्यांत जातांच जोमानें फिरूं लागली, आणि तिच्या जागीं आलेली धडधाकट मोटर मंदावली. मोटर निर्दोष ठरली. भिंगांतून पाहतां त्या कोपऱ्यांतील जोडणीच्या डाखाला केसासारखी चीर दिसली. बाजारांतील एका कारागिरानें नवा डाख दिला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं विमान अंगणांत सरळ वर चढून तुळशीवृंदावनाच्या उंचीवर स्थिर राहिलें.

एका वेळीं तीन गोष्टी बदलल्या, तर कोणत्या बदलाचा गुण आला हें कळावें कसें? आपण वडील माणसेंही निराळें काय करतों? दूध नासलें, कीं भांडें, गवळी व सून ह्या तिघांवर एकदम ठपका ठेवतों. भांडें तेवढें बदलून पाहण्याइतका धीर कोणास असतो!

परवां नातवाचा रोह्याहून फोन आला. एक मोटर पुन्हां अडखळत होती. “काय बदललेंस?” मीं विचारलें.

“अजून कांहीं नाहीं, आजोबा. आधीं चारही कोपरे पाहतोंय.”