मलिकू बेटावर तीन दिवस

भारताचा नकाशा समोर घ्या आणि केरळच्या किनाऱ्यावरून बोट पश्चिमेकडे सरकवा. अरबी समुद्रात लक्षद्वीपचे ठिपके विखुरलेले दिसतील. त्यांपासून सुमारे २०० किलोमीटर दक्षिणेस एक ठिपका एकटाच पडलेला आहे. सरकारदरबारी त्याचे नाव मिनिकॉय. तेथील रहिवाशांच्या तोंडी मात्र ते मलिकू. लक्षद्वीपच्या कोणत्याही बेटापेक्षा परदेशचा मालदीवच या बेटाला अधिक जवळ आहे, ही एक गोष्ट ध्यानी ठेवली म्हणजे पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

बेट चंद्रकोरीच्या आकाराचे, सुमारे दहा किलोमीटर लांब, आणि रुंदीला इतके बेताचे की एका किनाऱ्यावरून निघालेला माणूस गप्पा संपण्यापूर्वी दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचतो. २०११ च्या जनगणनेत येथील वस्ती दहा हजारांच्या घरात होती. पूर्वी येथे कण्णूरच्या आरक्कल घराण्याची सत्ता होती, पुढे इंग्रजांची आली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी इतर बेटांसह हे केंद्रशासित प्रदेशात समाविष्ट झाले. १८८५ साली इंग्रजांनी बांधलेला दीपस्तंभ अजून उभा आहे. त्यावर चढून पाहिले की एका बाजूस प्रवाळांच्या बांधाने अडविलेले हिरवट, उथळ, निवांत पाणी आणि दुसऱ्या बाजूस गडद निळा, खवळलेला महासागर, असे दोन समुद्र एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. हे दृश्य अवश्य पाहावे; पण कोचीहून बोटीने आलेले बहुतेक प्रवासी तेवढेच पाहतात, नारळाचे पाणी पितात आणि परत फिरतात.

आमचा मुक्काम अवघा तीन दिवसांचा होता. त्यातली एक सकाळ मासेमारीच्या होडीवर गेली. टूना, म्हणजे आपल्या कोकणातील कोळी ज्याला कुपा म्हणतात तो मासा, येथे मोठ्या जाळ्याने धरीत नाहीत. भल्या पहाटे बांधाच्या आतील उथळ पाण्यात बोटभर लांबीचे बारीक मासे पकडावयाचे आणि होडीच्या तळाशी समुद्राचे पाणी खेळते ठेवून त्यांना जिवंत राखावयाचे. मग खुल्या समुद्रात शिरून पाखरांवर नजर ठेवावयाची. जेथे पाखरे घिरट्या घालतात, तेथे खाली टूनाचा थवा आहे असे समजावे. होडी तेथे पोहोचताच ही जिवंत मासळी पाण्यात फेकतात आणि त्याच वेळी समुद्रावर पाण्याचे तुषार उडवितात. पाण्याचा पृष्ठभाग सळसळू लागला की टूना बावचळून वर झेपावतो. ओळीने उभे असलेले गडी लांब काठ्यांना बांधलेले गळ टाकतात, आणि झटका देताच मासा त्यांच्या डोक्यावरून होडीत येऊन पडतो. गळाला उलटा काटा नसल्यामुळे तो आपोआप सुटतो व गळ पुन्हा पाण्यात जातो. अर्ध्या तासात होडीचा तळ रुपेरी झाला. या रीतीने नको असलेला मासा नाहक मारला जात नाही, हे तिचे मोठेच वैशिष्ट्य. परंतु तिचा सारा भार त्या बारीक माशांवर आहे आणि त्या माशांचा प्रवाळांवर. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र तापून लक्षद्वीपच्या प्रवाळांची फार हानी झाली, त्या बातमीचा अर्थ आम्हांला या होडीत बसल्यावर कळला.

किनाऱ्यावर आणलेला टूना साफ करून खाऱ्या पाण्यात उकडतात, धुरावर धरतात आणि लाकडासारखा कडक होईपर्यंत उन्हात वाळवितात. त्याला म्हणतात ‘मस’.

हा शब्द कानी पडताच, वाचकहो, भाषांतराच्या टेबलावर उभे आयुष्य काढणाऱ्या माणसाने कान टवकारावेत यात नवल नाही. ‘मस’ म्हणजे मासा. लक्षद्वीपच्या इतर बहुतेक बेटांवर मल्याळमची बोली चालते. मलिकूची भाषा महल मात्र मालदीवच्या धिवेहीचीच शाखा आहे. ती सिंहलीची बहीण, आणि म्हणून आपल्या मराठीचीही दूरची नातलग. पाण्याला येथे ‘फेन’ म्हणतात, घराला ‘गे’, सातला ‘हत’. आपला ‘प’ त्यांच्या तोंडी ‘फ’ होतो आणि ‘स’ पुष्कळदा ‘ह’ होतो. एवढी किल्ली हाती आली की अनोळखी बोलण्यातून ओळखीचे चेहरे डोकावू लागतात. प्रवाळबेटांच्या कंकणाला जगभर ‘अ‍ॅटॉल’ म्हणतात, तो शब्दही मुळात याच धिवेहीचा.

लिपी त्याहून नवलाची. तिचे नाव थाना. ती उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहितात, स्वर अक्षरांच्या वर-खाली खुणांनी दाखवितात. आणि तिची पहिली नऊ अक्षरे अरबी अंकांवरून, तर पुढची नऊ तेथील जुन्या अंकांवरून घडविलेली आहेत. अंकांचीच अक्षरे करणारी लिपी आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

मलिकूत वस्ती गावागावांत वाटलेली आहे. प्रत्येक गावाला पुरुषांचा प्रमुख वेगळा आणि स्त्रियांची प्रमुख वेगळी. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहावयास जातो. पुरुषांचे आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या मालवाहू जहाजांवर जात आले आहे, तेव्हा घर आणि गाव सांभाळणे स्त्रियांच्याच हाती राहिले यात आश्चर्य ते काय! गावाची शर्यतीची लांब होडी असते, तिला ‘जाहाधोनी’ म्हणतात. तिची निगा सारे गाव राखते, आणि शर्यतीत हरल्याचे दुःखही सारे गाव मिळून करते, असे आम्हांला सांगण्यात आले.

२०२५ च्या मे महिन्यात लक्षद्वीपच्या शिक्षण खात्याने शाळांच्या त्रिभाषा सूत्रात महल व अरबी यांच्या जागी हिंदी आणण्याचा आदेश काढला. जूनमध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. हिंदीशी या लोकांचे वैर असल्याचे आम्हांला कोठेही आढळले नाही. त्यांचे खलाशी मुंबई-कलकत्त्याच्या गोद्यांत केव्हाच हिंदी शिकून आले आहेत. पण हिंदी शिकविणारे कोट्यवधी लोक देशात आहेत. महल शिकवू शकणारे, भारतापुरते बोलावयाचे तर, या एका चंद्रकोरीवरचे. तमिळ मुलाची भाषा शाळेतून गेली तरी तिला वर्तमानपत्र, नाटक, चित्रपट यांचा आसरा आहे. मलिकूच्या मुलीला शाळेखेरीज आजीचे अंगण तेवढे उरते. आमच्या मते हा फरक हिशेबात धरलाच पाहिजे.

जावयाचे असल्यास प्रवेशपरवाना आधी काढावा लागतो, दारूबंदी आहे, आणि गावात फिरताना पोशाख अंगभर असावा. कोणाच्या अंगणात शिरण्यापूर्वी बाहेरून हाक द्यावी.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही एका निवृत्त खलाशाच्या ओसरीवर बसलो होतो. मुंबईच्या गोदीतली त्याची हिंदी आमच्यापेक्षा सफाईदार होती. “साहेब, जहाजावरून घरी पत्र लिहायचो ते याच अक्षरांत. कप्तानाला वाचता येत नसे, एवढा एक फायदा!” असे म्हणून तो हसला. त्याच्या शाळकरी नातीने आमची वही ओढून घेतली आणि आम्ही सांगितलेले मराठी आकडे थानात, उजवीकडून डावीकडे, भराभर लिहिले. मग बोट ठेवून ते मोठ्याने वाचू लागली. ‘एक’ला तिने मान डोलावली, ‘तीन’लाही. ‘सात’पाशी येताच थांबली, आजोबांकडे पाहून खुदकन हसली आणि आमची चूक सुधारावी तशा आवाजात म्हणाली, “हत!”