मित्रासोबत लंडन पाहताना

परदेशात राहणाऱ्या माणसाच्या घरी गावाकडचा पाहुणा येतो तेव्हा पिशवीतून शेंगदाण्याची चटणी येते, ज्वारीचे पीठ येते आणि त्याबरोबर एक यादीही येते. काय काय पाहायचे त्याची यादी.

आम्ही पाच वर्षांपासून लंडनच्या पश्चिमेला हाउन्सलो येथे राहतो. पत्नी रुग्णालयात परिचारिका आहेत आणि आम्ही एका घाऊक दुकानात हिशेब लिहितो. समाजातील मुलांचे अर्ज, कागदपत्रे भरून देण्याचे जुने काम इथेही सुटलेले नाही. गेल्या मे महिन्यात आमचे एक मित्र सहा दिवसांसाठी आले. नागसेनवनातील वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो, एकाच वर्षी बी.कॉम. झालो. ते आज जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत.

त्यांच्या यादीत टॉवर ब्रिज होता, बकिंगहॅम राजवाडा होता, मोठे घड्याळ होते. पण यादीखाली एक न लिहिलेली ओळ होती, ती आम्हांला दुसऱ्या दिवशी कळली. त्यांची मुलगी अर्थशास्त्राची पदवीधर झाली आहे आणि तिला पुढच्या शिक्षणासाठी इथे यायचे आहे. आजी म्हणते, आधी लग्न. भावकी म्हणते, एवढ्या लांब एकटी पोरगी? आईचे मन दोन्हीकडे. शेवटचा शब्द बापाचा होता आणि तो शब्द ठरवायला बाप लंडनला आला होता.

टॉवर ब्रिजपाशी आम्ही माहिती सांगत होतो की पूल १८९४ साली खुला झाला, मोठे जहाज आले की मधला भाग आजही वर उचलतात. मित्रांची नजर मात्र बसथांब्याकडे.

"रात्री किती वाजेपर्यंत बस असते रे?"

आम्ही सांगितले की कित्येक मार्गांवर रात्रभर असते, आणि एकदा भाडे दिले की तासाभरात दुसऱ्या बसला पुन्हा पैसे पडत नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतले. पुलाचे साल लिहिले नाही.

त्या रात्री आमच्या पत्नींची पाळी उशिरा सुटणार होती. मित्र म्हणाले, मीही थांब्यावर येतो. दहाच्या सुमारास बस आली. तिच्यातून पत्नी उतरल्या, त्यांच्यामागे पाठीला पुस्तकांची पिशवी लावलेल्या दोन मुली उतरल्या आणि आपापल्या वाटेने गेल्या. मित्र बराच वेळ त्या वाटेकडे पाहत उभे राहिले.

घरी जेवताना त्यांनी पत्नींना सरळच विचारले, "वहिनी, खरं सांगा. निभावेल का पोरीला?"

पत्नी म्हणाल्या, "भाऊजी, पहिले तीन महिने रडेल. चार वाजता अंधार पडतो, थंडी हाडात शिरते, घरचं कोणी नसतं. मीही रडले. पण राहील. आणि कधी कोणी वाकडं बोललं तर उत्तर द्यायलाही शिकेल."

तिसऱ्या दिवशी होबर्न स्थानकावर उतरलो. तिथून पाच-सात मिनिटांवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. शेजारच्या लिंकन्स इन फील्ड्स या बागेत बाकावर बसून डबा खाल्ला. मित्र एका खोलीचे महिन्याचे भाडे रुपयांत गुणत होते. पौंड शंभराच्या पुढे, त्यामुळे आकडा काही आवरेना. मग स्वतःच हसले. "बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर इथंच प्रबंध लिहिला आणि आपण अजून गुणाकारच करतोय!"

आम्ही म्हणालो, पैशाचा प्रश्न त्यांनाही होताच. १९१६ साली बाबासाहेब या संस्थेत दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. पण जाताना पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन गेले. सिडनेहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० साली ते परत आले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. इकडे रमाई मुंबईत काटकसरीने संसार ओढत होत्या.

मित्र गप्प झाले. वही मिटली.

जवळच ब्रिटिश म्युझियम आहे, आणि तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट तिथे आहेत. त्यांतला एक दगड दोन्ही बाजूंनी कोरलेला आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील बाजूवर बोधिवृक्षाखाली रिकामे आसन आहे आणि भोवती हात जोडलेली माणसे. पुढे तिसऱ्या शतकात तोच दगड फिरवून मागे स्तूप कोरला. मित्र म्हणाले, "आधीच्यांनी केलं त्याच्यावरच पुढच्यांनी काम केलं." मग मधल्या चौकातील गोल वाचनालयाची भिंत दिसली. बाबासाहेब वाचायला बसत ते हेच, असे सांगताच मित्रांनी त्या भिंतीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

बसण्याची जागा किती, याचा अंदाज घेत होते म्हणे.

शेवटच्या दिवशी चॉक फार्म स्थानकावरून चालत १०, किंग हेन्रीज रोडला गेलो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. परवानगीचा वाद मिटून २०२० साली संग्रहालयास मान्यता मिळाली. अभिवादन करून आम्ही जवळच्या प्रिमरोझ हिल या टेकडीवर गेलो. तिथून शहर पसरलेले दिसते. यादीतल्या अर्ध्या जागा राहिल्याच होत्या, पण मित्रांनी शहराकडे पाठ केली आणि मुलीला फोन लावला.

"अर्ज भर," एवढेच म्हणाले. मग बसचे सांगितले, थंडीचे सांगितले, आणि तीन महिने रडू येते हेही सांगितले.

पैशाचे काय? राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. जागा मर्यादित, स्पर्धा मोठी. मुलीला ती मिळेल की नाही ते पुढे ठरेल. पण ज्यांनी बाबासाहेबांना हात दिला, त्यांच्याच नावाची ही योजना आहे.

बंधु-भगिनींनो, आपल्यातले कोणी परदेशी नातेवाइकांकडे पाहुणे म्हणून जात असतील तर राजवाडे जरूर पाहावेत. पण एक दिवस वाचनालय, वसतिगृह आणि रात्रीचा बसथांबा पाहण्यासाठी राखून ठेवावा. घरातील लेकीने विचारले तर ऐकीव भीती सांगण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले सांगता येईल.